उद्दीपन कोणाचे?

कलेस आश्रय लागतो, हे सांगण्यासाठी समीक्षकाने लेखणी उचलण्याचे कारण नाही. कोल्हापूर दरबारचा आधार नसता तर अल्लादियाखाँसाहेबांची गायकी महाराष्ट्राच्या मातीत इतकी खोल रुजती ना; आणि बडोद्याच्या गायकवाडांनी फैयाजखाँसाहेबांस पदरी ठेविले नसते तर पश्चिम हिंदुस्थानच्या संगीताचा इतिहास निराळा लिहावा लागला असता. वादाचा प्रश्न आश्रय असावा की नसावा हा नव्हे. आश्रयदात्याने मैफलीत कोठे बसावे, हा खरा प्रश्न आहे. संस्थानिक समोर गादीवर बसे. तो सर्वांस दिसे. त्याची मान डोलली की काय घडते आणि न डोलली की काय घडते, हे गायकास ठाऊक असे, तसे श्रोत्यांसही ठाऊक असे. डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली लॉर्ड चेस्टरफील्ड ह्यास धाडलेल्या पत्रात आश्रयदात्यांचा जो समाचार घेतला, त्यातील मुख्य तक्रार ही की, हे गृहस्थ बुडणाऱ्याच्या मदतीस वेळेवर येत नाहीत. आज ती तक्रार नेमकी उलटी करावी लागेल. आजचा आश्रयदाता पाहुण्यांच्या आधी मंडपात येतो, आपला वेगळा तंबू ठोकतो, त्यात झोपाळा टांगतो, सरबत वाटतो, आणि गाणे सुरू असताना श्रोत्यास हाताला धरून आत बोलावतो.

ह्या व्यवहारास जाहिरातीच्या धंद्यात 'ॲक्टिव्हेशन' असे नाव आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी तरुण मंडळी आहेत, त्यांनी हा शब्द ऐकला नसला तरी त्याची फळे पाहिलेली असणार. मुलगा संगीतोत्सवाहून परत येतो तो मनगटावर रंगीत पट्टी, डोक्यावर एखाद्या शीतपेयाची टोपी आणि भ्रमणध्वनीत चाळीस छायाचित्रे घेऊन. त्या चाळिसांपैकी बारा छायाचित्रांत कोणत्या ना कोणत्या मालाचे नाव त्याच्या हसऱ्या चेहऱ्यामागे झळकत असते. पूर्वी कंपनी फलक टांगून स्वस्थ बसे. आता फलकावर तिचा विश्वास उरलेला नाही. पाइन आणि गिलमोर ह्या दोघा अमेरिकन लेखकांनी १९९८ साली असा सिद्धान्त मांडला की, माल विकण्याचे आणि सेवा विकण्याचे युग मागे पडत असून यापुढे अनुभव विकावा लागेल. हा सिद्धान्त व्यापाऱ्यांनी धर्मग्रंथासारखा स्वीकारला. तेव्हापासून उत्सवाच्या मैदानात अशा अनुभवांची दुकाने उभी राहू लागली.

'ॲक्टिव्हेशन'ला मराठी शब्द कोणता योजावा? 'सक्रियीकरण' हा शब्द सरकारी कचेरीतून आल्यासारखा दिसतो. आम्हांस तर वाटते की, आपल्या साहित्यशास्त्रात ह्या वस्तूस जुने आणि अचूक नाव तयार आहे: उद्दीपन. रसाच्या सामग्रीत विभाव दोन प्रकारचे सांगितले आहेत. ज्यास अनुलक्षून भाव उत्पन्न होतो ते आलंबन, आणि जे त्या भावास फुंकर घालते ते उद्दीपन. शृंगारात नायिका हे आलंबन. चांदणे, वसंत, मंद वारा ही उद्दीपने. चांदणे कितीही रमणीय असो, प्रेक्षक चांदण्यातच गुंतला आणि नायिकेस विसरला तर नाटककाराची फजिती झाली असे समजावे. संगीताच्या उत्सवात गाणे हे आलंबन. मंडप, दिवे, थंडीची रात्र, मध्यंतरातला गरम चहा ही सारी उद्दीपने. प्रायोजकाने येऊन ह्या उद्दीपनांत आपली भर घातली तर तिला कोण नावे ठेवील? परंतु व्यवस्था उलटी झाली, म्हणजे माल आलंबनाच्या जागी बसला आणि गाणे हे त्या मालाविषयीची प्रीती चेतविण्याचे साधन झाले, तर तेथे कलेचा उत्सव चालू आहे असे आम्ही म्हणणार नाही. ही एकच कसोटी हाती धरून आपण काही प्रसिद्ध उदाहरणे पाहू.

अमेरिकेतील टेक्सस संस्थानात ऑस्टिन ह्या शहरी 'साउथ बाय साउथवेस्ट' नावाचा उत्सव १९८७ पासून भरतो. अप्रसिद्ध वादकांनी यावे, गावातील लहानमोठ्या पानगृहांत वाजवावे आणि कोणा जाणत्याच्या कानावर पडावे, असा त्याचा मूळ हेतू. २०१२ साली तेथे 'डोरिटोस' ह्या मक्याच्या तिखट पापड्या विकणाऱ्या कंपनीने एक रंगमंच उभारला. तो कशाच्या आकाराचा होता? नाणे टाकल्यावर पुडी खाली पाडणारी जी यंत्रे आगगाडीच्या फलाटांवर दिसतात, तशा यंत्राच्या आकाराचा, पण कित्येक मजले उंच. वर काचेआड राक्षसी पुड्या रचलेल्या, आणि खाली, खऱ्या यंत्रात जेथे पुडी येऊन पडते त्या खाचेत, गायक उभा. पुढल्या वर्षी त्याच खाचेत 'पब्लिक एनिमी' हा वाद्यवृंद गायिला. सत्तेस आणि पैशास आव्हान देण्यावर ज्यांची सारी कीर्ती उभी आहे, ते हे गायक.

विद्वान मंडळींनी ह्या रंगमंचाची यथेच्छ टवाळी केली. आमचे मत थोडे निराळे आहे. नेपथ्य म्हणून पाहिले तर ह्या कल्पनेत एक निर्भीड प्रामाणिकपणा आहे. गायक ही कंपनीच्या लेखी आणखी एक पुडी आहे, हे तिने लपविले नाही. उलट उंचावर चढवून दाखविले. एखाद्या उपरोधकाराने ह्या युगाचे चित्र काढावयास घेतले असते तर त्यास याहून बोलके रूपक सुचले नसते. दोष आहे तो असा की, उपरोध कंपनीच्या मनात नव्हता, आणि तो ओळखावयास श्रोत्यांस फुरसत नव्हती. २०१४ साली लेडी गागा ह्या विख्यात गायिकेने त्याच कंपनीच्या आश्रयाने ऑस्टिनमध्ये गायन केले. त्या वेळी प्रवेशासाठी श्रोत्यांस काही धाडसी करामती करून त्यांचा जाहीर पुरावा द्यावा लागे. म्हणजे तिकीट पैशात नव्हे, जाहिरातीत चुकवावयाचे. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात त्या बाईंनी कंपन्यांची बाजू घेतली. ह्या पैशावाचून कलावंतांस येथे येणेच परवडणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हा युक्तिवाद खोटा आहे असे नाही. परंतु ज्यांची कीर्ती जगभर पसरलेली आहे त्यांनी तो करावा, आणि ज्या अनोळखी वादकांसाठी हा उत्सव निघाला त्यांनी पलीकडच्या गल्लीत रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवावे, ही त्यातील विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

त्याच शहरी, २०१२ च्याच उत्सवात घडलेला दुसरा प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे. 'बार्टल बोगल हेगर्टी' ह्या जाहिरातसंस्थेने गावातील तेरा बेघर माणसे गोळा केली, त्यांच्याजवळ इंटरनेटची जोडणी पुरविणारी छोटी यंत्रे दिली, आणि त्यांस उत्सवाच्या गर्दीत उभे केले. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यांच्या जवळ उभे राहून जोडणी वापरावी आणि खुशीने चार पैसे द्यावे. ते पैसे त्या माणसांचे. देशभर गदारोळ उठला. संस्थेचे म्हणणे असे की, बेघरांनी रस्त्यावर उभे राहून आपली वर्तमानपत्रे विकावीत अशी चळवळ जुनीच आहे, तिचे हे आधुनिक रूप. त्या माणसांपैकी काहींनी आपण ह्या कामावर नाखूष नाही असेही सांगितले, आणि त्यांच्या मतास आमच्या मतापेक्षा कमी वजन द्यावे असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही एक व्याकरणाची गोष्ट उरतेच. त्यांच्या अंगातील सदऱ्यावर काय छापले होते? 'माझ्याजवळ जोडणी मिळेल' असे नव्हे. 'मी अमुक नावाचा, मी जोडणीचे ठिकाण आहे', अशा अर्थाचे वाक्य होते. वर्तमानपत्र विकणारा विक्रेता असतो. वर्तमानपत्र त्याच्या हातात असते, त्यात त्याच्यासारख्यांची हकीकत असते, आणि तो 'घ्या' म्हणून हाक मारतो. येथे माणूस विक्रेत्याच्या जागेवरून उठून मालाच्या जागी गेला. एका क्रियापदाने हे काम केले. वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असे आम्हांस वाटत नाही. उलट दयाच असावी. परंतु ज्या धंद्यात रोज प्रत्येक वस्तूस 'मी अमुक आहे' असे बोलावयास लावतात, त्या धंद्यातील लेखकाच्या लेखणीतून माणसाविषयीही तेच वाक्य सहज उतरले.

आता अन्नाकडे वळू. २०१३ साली प्रयागच्या महाकुंभात लाइफबॉय साबणाच्या कंपनीने जे केले, त्याची वाखाणणी जगातील जाहिरातवाल्यांनी केली. मेळ्यातील शंभरावर भोजनगृहांशी करार करून, तव्यावरून उतरणाऱ्या रोट्यांवर तापलेल्या ठशाने एक प्रश्न उमटविण्यात आला: लाइफबॉयने हात धुतले का? शाई नाही, रंग नाही. केवळ उष्णतेचा डाग. अशा सुमारे पंचवीस लाख रोट्या महिन्याभरात वाढल्या गेल्या असे सांगतात.

उद्दीपनाची कसोटी लावली तर हे उदाहरण ऑस्टिनच्या पुड्यांहून पुष्कळ वरचे आहे, हे कबूल केले पाहिजे. क्षेमेंद्राने काव्याचे जीवित म्हणून औचित्य सांगितले. येथे देश, काल आणि पात्र तिन्ही जुळलेली आहेत. लक्षावधी माणसे एकत्र जेवतात तेथे हात न धुण्याने काय अनर्थ होतो, हे पटकीच्या साथींचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांस सांगावयास नको. प्रश्न हितकर आहे आणि तो अगदी घासाच्या तोंडाशी विचारला आहे. कोणी म्हणेल, अन्नावर व्यापाऱ्याचे नाव हे अभद्र. पण आमच्या घरातील मुले पिढ्यान् पिढ्या बिस्किटावरील अक्षरे चहात बुडवून खात आली आहेत, आणि त्याने कोणाचा धर्म बुडालेला नाही.

असे असून आमचे मन पुरते मानत नाही, त्याची कारणे दोन. बिस्किट हे त्या कंपनीचेच असते. तिने भाजले, तिने नाव घातले. रोटी ही भोजनगृहाच्या आचाऱ्याची. तिच्यावर दुसऱ्याचे नाव म्हणजे परक्याच्या पोथीवर आपली मुद्रा. दुसरे कारण व्यवहारातले आहे. रोटी हातात आल्यावर हात धुतले का म्हणून विचारणे, हे पाहुण्याने पहिला घास मोडल्यावर पाट-पाणी झाले का असे विचारण्यासारखे आहे. आमच्याकडे पंगत बसण्यापूर्वी हातापायांवर पाणी घालणारा माणूस दाराशी उभा असे. तो प्रश्न विचारीत नसे, तांब्या पुढे करीत असे. पंढरीच्या वाटेवर दिंडी गावात शिरली की लोक पाणी देतात, भाकरी देतात, पाय चेपून देतात. भाकरीवर गावाचे नाव नसते. कंपनीने असेच गुप्तदान करावे अशी भाबडी अपेक्षा आम्ही करीत नाही. नाव मिळावे म्हणूनच ती आली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, नाव तांब्यावर घालावे, रोटीवर नको.

इंग्लंडात पिल्टन गावी मायकेल ईव्हिस नावाच्या गवळ्याने १९७० साली आपल्या शेतात पहिला संगीतोत्सव भरविला. आज ग्लॅस्टनबरी ह्या नावाने सारे जग ज्यास ओळखते तो हाच. त्या पहिल्या वर्षी प्रवेशाचा दर एक पौंड होता आणि त्यात शेतावरचे दूध फुकट मिळे. यजमान गवळी, म्हणून पाहुण्यास दूध. इतक्या वर्षांत निघालेल्या अनुभवाच्या साऱ्या दुकानांत आम्हांस ह्या दुधाइतके उचित काही आढळले नाही, आणि त्या बिचाऱ्यास तर आपण उद्दीपन करीत आहो याची वार्ताही नव्हती. आज त्या उत्सवास मोठ्या कंपन्यांचे सहकार्य अजिबात नाही असे नव्हे. टेलिफोनची कंपनी तेथे आहे. परंतु फलकांची भाऊगर्दी नाही. ऑक्सफॅम, ग्रीनपीस आणि वॉटरएड ह्या धर्मादाय संस्था नावाने पुढे असतात. २०१९ पासून तेथे पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या विकणे बंद झाले आणि लोकांनी नळाचे पाणी भरून घ्यावे अशी व्यवस्था झाली. पाण्याचा नळ हेही उद्दीपनच.

नावाचा प्रश्न मात्र रोटीपुरता राहत नाही. उत्सवाचे स्वतःचे नावच विकत घेण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील न्यूपोर्ट येथला जॅझ उत्सव १९५४ साली निघाला, तो तंबाखूच्या व्यापारात गबर झालेल्या लोरिलार्ड कुटुंबाच्या पैशावर. पण त्यांनी नाव गावाचेच राहू दिले. पुढे तो उत्सव न्यूयॉर्कला गेला, आणि १९८१ साली त्याचे नामांतर होऊन तो 'कूल' सिगारेटचा उत्सव झाला. ह्या पुदिन्याच्या वासाच्या सिगारेटी विशेषतः कृष्णवर्णीय लोकांत खपाव्या म्हणून कंपन्यांनी किती पद्धतशीर खटपट केली, हे आता सर्वश्रुत आहे. ज्या समाजाने जगास जॅझ दिले त्याच समाजाच्या फुप्फुसांवर त्या जॅझच्या नावाने चाल करावयाची; आणि वाद्ये कोणती, तर तुतारी आणि सॅक्सोफोन, ज्यांचे सारे भांडवल वादकाचा श्वास! औचित्याचा याहून मोठा भंग आम्हांस ठाऊक नाही. त्यानंतर ध्वनियंत्रे करणाऱ्या जेव्हीसी कंपनीचे नाव त्या उत्सवास लागले व ते २००८ पर्यंत टिकले. ध्वनियंत्रे विकणाऱ्याने वाद्यसंगीतास आश्रय देणे हे शोभणारे आहे. परंतु एकाच उत्सवाने दर पिढीस नवे आडनाव लावावे, हे कुलीनपणाचे लक्षण खचित नव्हे.

पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशी ह्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ जो महोत्सव सुरू केला त्याचे नाव सवाई गंधर्व. पुढे त्यात एका नावाची भर पडली, ती खुद्द भीमसेनांच्या नावाची. त्याच पुण्यात २०१० साली 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा तरुणांचा उत्सव निघाला, त्याच्या नावाच्या अग्रभागी बकार्डी ह्या मद्याचे नाव आले. आतील रंगमंचांची नावेही त्याच वळणाची होती. एक 'ड्युअर्स' व्हिस्कीवरून निघालेला 'देवारिस्ट्स' रंगमंच. दुसरा एरिस्टॉफ व्होडकाच्या लांडग्याच्या चिन्हावरून आलेली 'लांडग्यांची गुहा'. तिसऱ्यास शीतपेयाचे नाव. ह्या उत्सवाचे ऋण आम्ही नाकारीत नाही. चित्रपटगीतांच्या बाहेर स्वतःचे गाणे रचणाऱ्या शेकडो तरुणांस त्याने खुले मैदान दिले, आणि मराठी मुलांनी आपल्या वयाच्या मणिपुरी, खासी, तमिळ गायकांचे गाणे समोर उभे राहून ऐकले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु स्मरणाचा धर्म असा आहे की, ते जागेच्या खुंटीस अडकते. आम्ही म्हणतो, अमक्या बुवांचा मारवा आम्ही रमणबागेत ऐकला. ती मुले म्हणणार, अमकीचे पहिले गाणे आम्ही लांडग्यांच्या गुहेत ऐकले. चाळीस वर्षांनी नातवंडांस ते हेच सांगतील. तारुण्यातील सर्वांत कोवळी आठवण ज्या खुंटीवर टांगलेली आहे तिची मालकी कोणाची, हे कंपनीने आधीच ठरवून ठेविले आहे.

यात कायद्याचाही एक धागा आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत दारू व तंबाखू ह्यांच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीस बंदी आहे. तेव्हा ह्या कंपन्यांनी सोडा, पत्त्यांचे जोड, गाण्यांच्या तबकड्या असा किरकोळ माल काढून त्याच्या आडून तीच नावे गाजविली. २०२२ च्या जून महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडपडद्याच्या जाहिरातीसही स्पष्ट मनाई केली. पण मैदानातल्या रंगमंचाचे नाव ही जाहिरात की पत्ता? महाराष्ट्रात कडक मद्याचा परवाना पंचविसाव्या वर्षाआधी मिळत नाही. अशा मैदानात विशी-बाविशीतली मुले नाचत असतात. पेला त्यांस कायद्याने वर्ज्य; पेल्याचे नाव मात्र कमानीवर, पडद्यावर, मनगटाच्या पट्टीवर, आणि गायिका निरोप घेताना आभारपूर्वक उच्चारते त्या वाक्यातही. आम्ही मद्यपानाविरुद्ध व्याख्यान देण्यास बसलेलो नाही. जे दाराने आत येऊ शकत नाही ते गाण्याच्या खिडकीतून येते, आणि गाणाऱ्यास खिडकीचे भाडे फार थोडे मिळते, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

येथवर आलेल्या वाचकास वाटेल की, आमचा निकाल ठरलेला दिसतो: दूध पवित्र, मद्य आणि तंबाखू अपवित्र. तसे असते तर काम सोपे होते. परंतु आपल्याच देशात एक उदाहरण असे आहे की, ते ही सोपी वाटणी मोडून टाकते. सिगारेटीच्या व्यापारातून मोठ्या झालेल्या आयटीसी कंपनीने १९७१ पासून संगीत संमेलने भरविली, आणि १९७७ साली कलकत्त्यास संगीत संशोधन अकादमी स्थापिली. तेथे तिने झोपाळे टांगले नाहीत. गुरूंस राहावयास घरे दिली, शिष्यांस वेतन दिले, आणि दोघांस वेळ दिला. निसार हुसेनखाँ, गिरिजादेवी, आमचे निवृत्तीबुवा सरनाईक ह्यांच्यासारखी माणसे तेथे शिकविती झाली. राशिदखाँ तेथे घडले. पुढे उल्हास कशाळकरांनी अनेक वर्षे तेथे विद्यादान केले. घराण्यांची विद्या राजाश्रय संपल्यावर पोरकी होत चाललेली असताना तिला ज्या छपराखाली थारा मिळाला ते छप्पर धुराच्या पैशाचे होते. न्यूपोर्टची 'कूल' आणि कलकत्त्याची अकादमी ह्यांचा पैसा एकाच जातीचा. पण एकाने उत्सवाचे नाव घेतले आणि श्रोत्याचा श्वास मागितला, दुसऱ्याने गुरूस अंगण दिले. आलंबन येथे निःसंशय गाणेच राहिले. तरीदेखील त्या अंगणाची किंमत ज्यांनी आपल्या छातीने चुकविली त्यांचा हिशेब कोणत्या पुस्तकात लिहावयाचा, हे आम्हांस उमगत नाही. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या नावाने होणाऱ्या प्रायोजकतेस आळा घातला, ते योग्यच झाले. परंतु एखादा मुलगा विसाव्या वर्षी भटियार गाऊ लागावा म्हणून त्याच्या दहाव्या वर्षापासून खर्च करील असा दुसरा आश्रयदाता कायद्याने निर्माण होत नाही.

कारण आजच्या कंपनीस दहा वर्षे थांबावयाचे नाही. तीन दिवसांचा उत्सव, चवथ्या दिवशी हिशेब. किती माणसे तंबूत शिरली, किती क्षण थांबली, किती जणांनी छायाचित्र काढून मित्रांस धाडले, हे मनगटावरील पट्टी आणि खिशातील यंत्र मोजून सांगतात. श्रोता हा एकाच वेळी गिऱ्हाईक, फेरीवाला आणि माप झाला आहे. 'नाही' असे म्हणणे, गप्प बसणे, डोळे मिटून ऐकणे यांस ह्या हिशेबात शून्य मिळते. डोळे मिटलेल्या रसिकाचे छायाचित्र कोण धाडणार? अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षकाने आपल्या खाजगी सुखदुःखात अडकून राहणे हे त्यांपैकी एक. 'मी येथे आहे, मला पाहा' ही जाणीव क्षणोक्षणी जागी करणारा तंबू हे विघ्न भाड्याने पुरवितो.

यावर पाश्चात्त्यांस हसण्याचा आम्हांस मोठासा अधिकार नाही. आमच्या गावोगावच्या समारंभांत तंबोरे लागलेले असतात, गायक डोळे मिटून षड्ज शोधीत असतो, आणि तेवढ्यात निवेदिका येऊन सांगते की, आता आपल्या कार्यक्रमाचे प्रायोजक श्रीयुत अमुक ह्यांचा सत्कार होईल. मग शाल, मग श्रीफळ, मग त्यांच्या गृहसंकुलाची दोन शब्दांत माहिती, ते दोन शब्द वीस मिनिटे चालतात, आणि तोवर तंबोरे उतरलेले असतात. ह्या प्रकारास ऑस्टिनच्या यंत्राचे कल्पनावैभवही नाही. इतके मात्र खरे की, सत्कार संपला म्हणजे श्रीयुत अमुक पहिल्या रांगेत जाऊन बसतात आणि पुढील दोन तास मुकाट्याने गाणे ऐकतात. संस्थानिकाच्या गादीची ती शेवटची खूण.

प्रायोजक गेले तर तिकिटे महागतील, हा आक्षेप खरा आहे आणि मध्यम स्थितीतील कुटुंबांस तो लागू पडतो. सवाई गंधर्व महोत्सवातही फलक असतात, आणि त्यांच्यामुळेच विद्यार्थ्यास भारतीय बैठकीवर स्वस्तात बसावयास मिळते. कडेचा फलक नजरेआड करता येतो. ज्या रंगमंचाच्या खाचेत गायक उभा केला आहे तो नजरेआड करता येत नाही, आणि ठरविणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे ते हेच.

ठरविणाऱ्यांत गाणारेही येतात, हे २०२४ च्या मार्चमध्ये त्याच ऑस्टिनात दिसून आले. त्या वर्षी उत्सवाच्या प्रमुख प्रायोजकांत अमेरिकेचे लष्कर होते, आणि शस्त्रे करणारी आरटीएक्स ही कंपनीही त्याच्याशी संबंधित होती. गाझातील युद्ध चालू असताना ह्या आश्रयाखाली आम्ही गाणार नाही, असे सांगून ऐंशीहून अधिक कलावंतांनी माघार घेतली; आयर्लंडहून आलेल्या वादकवृंदांनी तर एकजुटीने. टेक्ससच्या राज्यपालांनी त्यांस पुन्हा येऊ नका म्हणून जाहीरपणे हिणविले. ह्या वादकांत लेडी गागा कोणी नव्हत्या. ज्यांच्यासाठी १९८७ साली तो उत्सव निघाला त्याच तोलाचे, पदरमोड करून आलेले, आणि ह्या एका प्रयोगावर पुढल्या वर्षाची कामे अवलंबून असलेले ते लोक होते. जून महिन्यात उत्सवाच्या चालकांनी जाहीर केले की, प्रायोजकतेच्या पद्धतीचा आपण फेरविचार करीत असून, लष्कर आणि शस्त्रे बनविणाऱ्या कंपन्या ह्यांपैकी कोणीही २०२५ च्या उत्सवाचे प्रायोजक असणार नाहीत.